विहिरीतला क्षार नेमका आला कुठून?

तेलक्षेत्राजवळची विहीर मचूळ झाली की वाद ठरलेल्या जागी येऊन अडतो. तेलकंपनी म्हणते, पाणी आधीपासूनच तसं होतं. तेलविहिरीच्या खोदाईपूर्वीचा पाण्याचा नमुना हाताशी नसेल तर हे खोडून काढणं फार जड जातं. म्हणून खोदाईआधीच नमुने घ्या: विहिरीतल्या पाण्याची पातळी सर्वांत खाली असताना एकदा, वर असताना एकदा.

तेलाबरोबर वर येणारं पाणी अनेक ठिकाणी समुद्राहून कितीतरी खारं असतं. समजा त्यात लिटरला 1,00,000 मिलिग्रॅम क्लोराइड आणि 500 मिलिग्रॅम ब्रोमाइड आहे. विहिरीत मुळात क्लोराइड 20 आणि ब्रोमाइड 0.05. हजार लिटरमागे एकच लिटर मिसळलं, तर क्लोराइड सुमारे 120 वर जातं. चवीला हे जाणवणार नाही, कारण खारटपणा साधारण 250 च्या पुढेच लागतो. पण क्लोराइडला ब्रोमाइडने भागा: 400 चा आकडा थेट 218 वर आलेला दिसेल. समुद्राच्या पाण्यात हे गुणोत्तर 290 च्या आसपास असतं, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या खाणमिठात बहुधा हजाराच्या वर. त्यामुळे ‘हे तर रस्त्यावरचं मीठ’ हा बचाव इथे टिकत नाही. खोलवरचं नैसर्गिक खारं पाणी मात्र हेच गुणोत्तर दाखवू शकतं. तिथे स्ट्रॉन्शियम या धातूची समस्थानिकं (वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि बदल कधी सुरू झाला, हे दोन्ही बघावं लागतं.

अहवालात ‘बेंझिन (तेलातलं एक विषारी द्रव्य) आढळले नाही’ असं आलं म्हणून हायसं वाटून घेऊ नका. जमिनीतले जिवाणू बेंझिन वाटेतच खाऊ शकतात. क्लोराइड कुणी खात नाही, ते पाण्याबरोबर पुढे सरकत राहतं.

नमुना घेण्यात झालेली ढिलाई तुमचाच दावा बुडवते. पंप सुरू करून तापमान, सामू आणि विद्युतवाहकता सलग तीन मोजण्यांत स्थिर होईपर्यंत पाणी जाऊ द्या. नमुना क्षारगाळणी यंत्राच्या आधीच्या नळावरून घ्या. बेंझिनसाठी 40 मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरा. झाकण लावून उलटी केल्यावर बुडबुडा दिसला, तर ती बाद. आम्ल घातलेली कुपी बर्फात ठेवा आणि 14 दिवसांत तपासून घ्या. धातूंची बाटली वेगळी, त्यात नायट्रिक आम्ल. नमुना कुणी, कुणाकडे, किती वाजता दिला, याची सहीनिशी नोंद हवीच. दुसरा जोडनमुना कंपनीच्या माणसासमोरच भरा, म्हणजे पुढे तक्रारीला जागा उरत नाही.

तेलाबरोबर आलेलं हे सांडपाणी परत जमिनीत सोडणाऱ्या विहिरींची भानगड वेगळी. 2014 साली कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीत अशा 11 विहिरी बंद करायला लावल्या गेल्या, कारण पाणी संरक्षित जलधरांत (जमिनीखालच्या पाणीसाठ्यांत) जात असावं अशी शंका होती. म्हणजे परवाना होता एवढ्याने प्रश्न मिटत नाही. अमेरिकेत अशा विहिरींची मजबुती साधारण दर पाच वर्षांनी तपासतात. बहुतेकदा आतली नळी आणि केसिंग (विहिरीला बसवलेला बाहेरचा पोलादी पाइप) यांच्यामधल्या पोकळीत दाब भरून तो टिकतो का ते बघतात. केसिंगच्या बाहेर, सिमेंट नीट न बसलेल्या फटीतून पाणी वर चढत असेल, तर ही चाचणी खुशाल पास होते. तेव्हा दाबचाचणीच्या दाखल्यावर थांबू नका. सिमेंट किती भरलं आणि कुठवर चढलं याची नोंद आणि तापमानाचा खोलीनिहाय आलेख मागा. आसपासच्या जुन्या, न बुजवलेल्या तेलविहिरींचा नकाशाही मागा, कारण दाबाखालच्या पाण्याला वर यायला त्या आयती वाट असतात.