जाळी स्वच्छ, ड्रिपर बंद: चोर सापडला एकदाचा

मागच्या वेळी मी तोऱ्यात लिहिलं होतं की झाडांच्या ठिबक लाइनवरचा स्ट्रेनर, म्हणजे गाळ अडवणारी जाळी, तीन आठवडे झाले, उघडावाच लागला नाही; त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमधला फरक (जाळी तुंबली की हा वाढतो) ०.०५ बारच्या वर जायला तयार नाही. ते वाक्य मागे घेतो. त्याच आठवड्यात मोगऱ्याचे चार ड्रिपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या) तुंबले, मग कढीपत्ता, मग टोमॅटोची अख्खी ओळ.

मांडणी तीच आहे: खालची टाकी, अर्ध्या एचपीचा पंप, पाऊण इंची पितळी वाय-स्ट्रेनर (इंग्रजी Y च्या आकाराचा, तिरक्या पायात जाळी), १२० मेश, म्हणजे इंचाला १२० भोकं. पहिला संशय अर्थातच चुन्यावर. इथे इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. मधल्या दिवशी बोअर, आणि आमचं बोअर म्हणजे बादलीला आतून पांढरं लिंपण. विरघळलेला क्षार कुठलीच जाळी अडवत नाही, तो ड्रिपरच्या तोंडाशी पाणी सुकलं की धरतो. म्हणून सगळे ड्रिपर रात्रभर सायट्रिक ॲसिडमध्ये घातले. सकाळी पांढरं गेलेलं, पण टाचणीने खरवडल्यावर बशीत तपकिरी कण पडले. नखाखाली चक्क करकरले! १२० मेशचं भोक साधारण १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. हे दाणे त्यातून गेले असतील तर मी सियागंजचा, म्हणजे इथल्या ठोक बाजाराचा, शेठ.

मग जाळी बल्बसमोर धरली. फाटलेली नाही. स्ट्रेनरवरच्या बाणाची दिशा बरोबर, जाळीचा पाय खाली. दोन दिवस याच चक्रात गेले. तिसऱ्या रात्री, दात घासताना, डोक्यात आलं: अरे, फरक वाढत नाही हेच तर दुखणं! इतका गाळ येतो आणि जाळी तीन आठवडे कोरी राहते, याचा अर्थ पाणी जाळीतून जातच नाहीये.

सकाळी देवघरातलं कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि जाळीच्या वरच्या काठाला बोटाने गोल लावलं. ("अरे, देवाचं कुंकू आहे ते, नळाला काय फासतोस!" इति आई.) पायाच्या टोकाची कॅप (जाळी हिच्यावरच उभी असते) घट्ट केली, परत काढली, आत टॉर्च मारला. जिथे जाळीने टेकायला हवं त्या कड्यावर लाल ठिपकासुद्धा नाही.

कारण मीच. उन्हाळ्यात कॅप ठिबकत होती तेव्हा एकावर एक दोन वायसर घातले होते. सल्ला दुकानातलाच: "भिया, दो लगा लो, काम चल जाएगा." काम चाललं, ठिबकणं थांबलं. पण दीड मिलिमीटरच्या जादा वायसरने कॅप तेवढीच बाहेर राहिली आणि तिच्यावर उभी असलेली जाळी वर पोचेना. पाण्याला फट मिळाल्यावर ते कशाला जाळीतून जाईल?

एक वायसर काढून पुन्हा कुंकू लावलं. या वेळी आत अखंड लाल वर्तुळ उमटलं. मी पाच मिनिटं ते नुसतं बघत बसलो होतो.

आता मूळ गळती परत. इथे टेफलॉनवाल्यांशी माझं भांडण आहे. या कॅपचे आटे सरळ आहेत, निमुळते नाहीत, पाणी अडवतो तो वायसर; आट्यांवर कितीही टेप गुंडाळा, उपयोग शून्य. वायसर बसतो त्या तोंडावर ओरखडा होता, बहुतेक माझ्याच पाइप पान्याचा. खिडकीची काच आडवी ठेवली, तिच्यावर ४०० नंबरचा ओला पॉलिश पेपर, आणि कॅप आठाच्या आकड्यात फिरवत राहिलो. वीस मिनिटांनी ओरखडा गेला. नवा वायसर रबरी घेतला. फायबरचा स्वस्त मिळतो, पण दोनदा उघडला की बाद. रात्री खाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी कोरं!

ड्रिपर चार लिटर ताशीचे, म्हणजे मिनिटाला साधारण ६६ मिली. मोगऱ्याचा एक औषधाच्या मापाने मोजला: आधी १८, आता ६१. गेजमधला फरक चार दिवसांत ०.१५ वर गेला, आणि मला आनंद झाला. पूर्वी याच आकड्यावर मी वैतागायचो.

पुढे कॅपच्या भोकात छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवणार होतो, म्हणजे न उघडता गाळ सोडता येईल. पण लिहिता लिहिताच वाटतंय, वाळू मुळात टाकीत येते ती बोअरमधून. तिथेच ४० मेशचा एक जाडा स्ट्रेनर टाकला तर १२० वर भार कमी पडेल. पंप पाणी खेचतो त्या बाजूला मात्र बारीक जाळी अजिबात नको, पंप उपाशी मरतो. बोअरची लाइन भिंतीला लागून खाली उतरते, तिथे उभा बसवता येईल, पाणी वरून खाली जातंय म्हणून पायात गाळ साचेलही. फक्त जाळी ओढून काढायला वीतभर मोकळी जागा हवी, आणि नेमका तिथे गॅसचा सिलिंडर आहे. रविवारी सिलिंडर हलवायची परवानगी मागायची आहे. आईकडे. कुंकवाचं प्रकरण जरा थंड होऊ दे.