आधी लिही, मग बघ

मी १९८४ सालच्या दहावीच्या बॅचचा. विज्ञानाच्या सरांच्या टेबलावर लाल पुठ्ठ्याची एक वही असायची. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत मला लिहायचंय ते त्या वहीबद्दल.

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘अंदाज’, उजवीकडे ‘दिसलं ते’. डावी बाजू प्रयोगाआधी भरायची, तीही शाईनं, आणि खाली सही करायची. खाडाखोड चालायची नाही. सर म्हणायचे, “आधी लिही, मग बघ. बघून झाल्यावर लिहिलंस, तर तू कधीच चुकणार नाहीस आणि कधीच शिकणार नाहीस.”

एप्रिलमध्ये आपली शाळा सकाळची असे. तेव्हाची गोष्ट. वर्गात दोन माठ होते, एक गेल्या वर्षीचा, एक नवा कोरा. दोन्हीतलं पाणी सारखंच गार होईल, असा अंदाज खुद्द सरांनी लिहिला आणि सही केली. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर लावला. वर्गात ३८ अंश, जुन्या माठात ३१, नव्यात २७. सरांनी उजव्या बाजूला आकडे लिहिले, खाली ‘माझा अंदाज चुकला’ असं लिहिलं आणि वही वर्गभर फिरवली. एक शिक्षक मुलांसमोर असं लिहू शकतो, हेच आम्हाला नवीन होतं. मग कारणाचा शोध सुरू झाला. जड पाण्यातले क्षार बसून जुन्या माठाची छिद्रं बुजली असतील, पाणी झिरपत नसेल, म्हणून तो गार होत नसेल. सर म्हणाले, हाही अंदाजच, लिहा. दोन्ही माठ भरून सकाळी आणि दुपारी तराजूवर चढवले. नव्या माठातलं पाणी खरोखरच जास्त घटलं होतं. तेव्हा कुठे ते कारण उजव्या बाजूला गेलं.

हे सविस्तर सांगितलं, कारण पुढच्या प्रसंगात सर दुसऱ्याला तपासत होते, आणि तो हक्क त्यांनी आधी स्वतःला तपासून मिळवलेला होता.

१९८३ च्या उन्हाळ्यात शाळेच्या मैदानात बोअर घ्यायचं ठरलं. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं होती ती, पाण्याच्या बाबतीत कुणीच धोका पत्करायला तयार नव्हतं. गावाकडून एक पाणाड्या बोलावला. साठीचा, शांत चेहऱ्याचा माणूस. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचा आणि पाणी असेल तिथे नारळ उभा राहायचा. सरांनी त्याला नमस्कार केला, चहा दिला आणि विचारलं, “डोळे बांधून तीच जागा पुन्हा सापडेल का?” तो म्हणाला, “का नाही? पाणी तर हलत न्हाई.” किती फरक चालेल, असं विचारल्यावर म्हणाला, “एक हातबी न्हाई.” सरांनी ते वहीत लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, त्यानं अंगठा उठवला.

फाटकापासून लिंबाच्या झाडापर्यंत काथ्याची दोरी ताणली. पहिली फेरी उघड्या डोळ्यांनी झाली. नारळ तीन ठिकाणी उभा राहिला. तिथे खिळे मातीच्या पातळीपर्यंत ठोकून वर धूळ सारली. या वेळी मला मुद्दाम वर्गात बसवून ठेवलं होतं. डोळे बांधल्यावर त्याचा हात धरून चालणारा मी, आणि खिळे कुठे आहेत हे मला ठाऊक असता कामा नये, नाहीतर माझ्याच हाताचा दाब त्याला खूण करेल. पावलं मोजता येऊ नयेत म्हणून प्रत्येक फेरी वेगळ्या जागेवरून सुरू केली.

त्याचा एक हात दोरीवर, दुसऱ्या तळहातावर नारळ, कोपर माझ्या हातात. नारळ उभा राहायच्या आधी त्याच्या मनगटाची शीर हलकीच उडायची. ते मला जाणवत होतं, त्याला नाही. पाच फेऱ्या झाल्या. खिळ्याच्या हातभर जवळ नारळ एकदाही उभा राहिला नाही. दोनदा तर त्यानं मघाशी कोरडी म्हटलेल्या जागीच उभा राहिला.

पोरं हसायला लागली, तेव्हा सर चिडले. तो माणूस खोटा नव्हता. म्हणाला, “मास्तर, आज जमीन तापलीय.” सरांनी विचारलं, “मग कोणत्या दिवशी जमेल ते तुम्हीच सांगा, तेही लिहून ठेवू.” पुढे वर्गात त्यांनी समजावलं की निकाल लागल्यावर आलेलं कारण जेव्हा पुन्हा तपासायची तयारी नसते, तिथून छद्मविज्ञान सुरू होतं. आपल्याकडे वर मुरूम, खाली काळा पाषाण, त्याच्या भेगांत पाणी, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी थोडंफार लागतंच. लागलेली विहीर गाव सांगतं, कोरडी विहीर फक्त मालक मोजतो.

मनगटाच्या त्या शिरेचं कोडं मला बऱ्याच वर्षांनी उलगडलं. १८५३ मध्ये लंडनला लोक टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल ‘आपोआप’ फिरे. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये सैल चिकटवलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. वरचा थर टेबलाच्या आधी सरकलेला दिसला. हातच ढकलत होते, हातवाल्यांना कळत नव्हतं इतकंच.

२००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली, ती वाचताना मला लाल वहीच आठवली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या, ओळख गुप्त. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस कुंडल्या, मूल कोणत्या गटातलं ते सांगायचं. नाणं उडवूनही वीसच्या आसपास बरोबर येतात. उत्तरं पाठवणाऱ्या सत्तावीस जणांची सरासरी वीसच्या खालीच राहिली.

मी टॉवेलच्या कारखान्यात डाइंग मास्टर आहे. दोन शेड जुळतात का, हे पाहणाऱ्या पोराला कोणता तुकडा कोणत्या लॉटचा ते मी सांगत नाही. माझ्या हातचा लॉट असेल तर मुळीच नाही.

त्या पाणाड्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पुढच्या रविवारी मी कबड्डी खेळायला मैदानात गेलो, तर तो फाटकात उभा. एकटाच आला होता. त्यानं सरांना घरून बोलवायला मला पाठवलं आणि सर आल्यावर म्हणाला, “पोरं न्हाईत आता. बांधा डोळे.” सरांनी खांद्यावरचा टॉवेल काढून बांधला, दोरी पुन्हा ताणली. जवळजवळ दोन तास आम्ही फेऱ्या मारल्या. शेवटी त्यानं डोळे सोडले, वाकून खिळा आणि नारळ यांतलं अंतर स्वतःच्या हातानं मोजलं, परत एकदा मोजलं, आणि सरांकडे वही मागितली. त्याला लिहिता येत नव्हतं. त्यानं सांगितला तो आकडा मी उजव्या बाजूला लिहिला, आणि त्याखाली त्यानं अंगठा उठवला.