लशीचे कोठार जाळावे की नाही

पुण्यातील एका प्रकाशनसंस्थेत कुमारवयीन वाचकांच्या पुस्तकांचे संपादन मी पाहते. अलीकडे आमच्याकडे भविष्यातील उद्ध्वस्त जगाच्या संहिता बऱ्याच येतात, पण एकदा हातात घेतल्यावर खाली ठेववत नाहीत अशा फार थोड्या असतात. तेवीस वर्षांच्या एका नवोदित लेखिकेची संहिता त्या थोड्यांपैकी होती. समुद्राने अर्धी गिळलेली मुंबई, वस्तीवस्तीला घातलेली कुंपणे, प्रत्येकाच्या मनगटावरची रंगीत पट्टी आणि जिची पट्टी लाल झाली त्या व्यक्तीला रातोरात उचलून नेणारी पथके, असे तिचे जग होते. सतरा वर्षांची नायिका धाकट्या भावाला शोधत विलगीकरणाच्या छावण्यांत शिरते, तेव्हा तिला कळते की साथ राज्यकर्त्यांनीच पसरवली आहे आणि सक्तीने टोचली जाणारी लसच माणसे मारते आहे. शेवटच्या प्रकरणात ती लशीचे कोठार पेटवून देते आणि कुंपणाबाहेर पडलेली माणसे जल्लोष करतात.

हा शेवट मला पटला नव्हता. एक कारण निव्वळ कथेच्या बांधणीचे होते. नायिकेला एक चित्रफीत सापडते, तिच्यात प्रमुख खलनायक सारे काही कबूल करतो, आणि तीनशे पानांचे रहस्य तिथेच संपते. ज्या कथेत पुरावा शोधावा लागत नाही, तो खलनायकच आणून देतो, त्या कथेतील नायिकेला हुशार असण्याची गरजच उरत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर होते. आमचे वाचक करोनाच्या काळात शाळेत जाणारी मुले होती, आणि लशीबद्दलच्या अफवा घरातल्या फोनवर फिरताना त्यांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या हाती लशीचे कोठार जाळणे हाच पराक्रम मानणारे पुस्तक द्यावे का, हा प्रश्न मला सोडत नव्हता. त्याच वेळी लेखिकेला ‘लशीबद्दल चांगलेच लिही’ असे सांगून कादंबरीची आरोग्यखात्याची पत्रिका करून टाकणेही मला मंजूर नव्हते. सत्तेविषयीचा तिचा संशय हाच त्या लेखनाचा प्राण होता.

म्हणून लसनिर्मिती आणि लसचाचणी यांत आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त डॉक्टरांना मी संहिता वाचायला दिली आणि लेखिका व ते, दोघांनाही एकाच दिवशी कार्यालयात बोलावले. ते काही चुका दाखवतील आणि चहा घेऊन जातील, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आम्ही सकाळी बसलो ते दिवे लागेपर्यंत उठलो नाही.

डॉक्टरांनी सुरुवात शेवटच्या प्रकरणापासून केलीच नाही. कादंबरीत साथ आटोक्यात आणण्यासाठी कोणताही उपाय योजण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना देणारा आणि त्यांच्याविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट बंद करणारा एक कायदा आहे. ते पान उघडून त्यांनी विचारले, “हे कलम तू कुठून घेतलेस?” आपणच ते कल्पनेने रचल्याचे तिने सांगितले. डॉक्टरांनी पिशवीतून १८९७ च्या साथरोग कायद्याची प्रत काढून तिच्यापुढे ठेवली. फेब्रुवारी १८९७ मध्ये झालेला तो मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा होता, आणि सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असे त्याचे चौथे कलम सांगत होते. २०२० मध्ये आपल्या राज्यातही याच कायद्याचा आधार घेतला गेला. ज्याला आपण भविष्यातला दुःस्वप्नाचा कायदा समजत होतो तो सव्वाशे वर्षे जुना आहे, हे कळल्यावर ती कितीतरी वेळ ती प्रत वाचत राहिली.

त्यातून बोलणे साहजिकच आपल्याच शहरांकडे वळले. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेत होते, बायकांची चारचौघांत तपासणी होत होती, सामान बाहेर काढून जाळले जात होते. त्या संतापातूनच २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्याआधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईत सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या शरीरातून अर्क काढतात, राणीच्या पुतळ्याच्या विटंबनेचा सूड म्हणून माणसांची काळजे मागवली आहेत, असे तेव्हा बोलले जात होते. लेखिकेने हे सारे भराभर टिपून घेतले आणि मग सरळ विचारले, “म्हणजे लोक मूर्ख होते, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“अजिबात नाही,” डॉक्टर म्हणाले. “अफवा खोटी होती. अपमान खरा होता. तुझ्या कादंबरीत दोन्ही एक झालेत, एवढंच माझं म्हणणं आहे.”

माझ्या मनात जे कित्येक दिवस घोळत होते ते त्यांनी इतक्या थोडक्यात मांडले. पण लेखिका सहजासहजी ऐकणारी नव्हती, आणि तिने ऐकू नये असेच मला वाटत होते. ती म्हणाली, “ताई, सरकारला मी निर्दोष सोडणार नाही. सरकारं खरंच लपवतात.” त्यावर डॉक्टरांनी तिलाच दुजोरा दिला आणि सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहराची हकिगत सांगितली.

एप्रिल १९७९ मध्ये तेथील लष्करी जैविक प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंचे बीजाणू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसे दगावली. दूषित मांस खाल्ल्याने लोक मेले, असे सरकारने जाहीर केले आणि रुग्णालयातील नोंदी गुप्तचर खात्याने उचलून नेल्या. मात्र शवविच्छेदन करणाऱ्या फाईना अब्रामोवा आणि लेव ग्रिनबर्ग यांनी मृतांच्या ऊतींचे नमुने जपून ठेवले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांच्या पथकाने, मृत माणसे त्या दिवसांत कुठे राहत व काम करत होती ते घरोघर विचारून नकाशावर मांडले. ते बिंदू प्रयोगशाळेपासून निघालेल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात पडले, त्याच पट्ट्याच्या पुढे गावांतली गुरे मेली होती, आणि २ एप्रिलला वारा नेमका त्याच दिशेने वाहत होता. मांसामुळे झालेले मृत्यू असे वाऱ्याच्या रेषेत पडत नसतात.

कबुलीवाली चित्रफीत तिथेच बाद झाली. तिने स्वतःच त्या पानांवर काट मारली.

दुसरी हकिगत याच्या नेमकी उलट होती. मुंबईत जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना तीच लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले आणि उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. चौकशी समितीने दोष हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन निलंबित झाले. पुढे लंडनच्या लिस्टर या वैद्यकीय संशोधन संस्थेने कागदपत्रे पुन्हा तपासली, तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला; आणि बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने तिला कसलाही वास आला नसल्याचे सांगितले होते. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत आधीपासून वाढत असते तर बूच काढताक्षणी दुर्गंधी सुटली असती. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण त्यांच्या उमेदीची वर्षे त्यात गेली.

लेखिकेने विचारलेला पुढचा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो. “त्या गावातल्या लोकांना हे सगळं कुणी सांगितलं असेल का?” डॉक्टरांकडे त्याचे उत्तर नव्हते. सुई टोचल्यानंतर ज्याचा भाऊ आकडी येऊन गेला, त्याने लस विषारी होती असेच मानले असणार. आणि त्याला तसे मानण्यापासून रोखील असे कोणीही त्याच्याशी बोलले नसेल, तर त्या अविश्वासाची जबाबदारी त्याच्या एकट्यावर टाकता येत नाही. हे ती बोलत होती आणि बोलता बोलता नवी मांडणी कागदावर उतरवत होती. साथ राज्यकर्त्यांनी मुद्दाम पसरवलेली नाही. ती त्यांच्या प्रयोगशाळेतून निसटली आणि त्यांनी ते दडपले. लस खरी आहे, पण एका छावणीत ती दूषित झाली, माणसे मेली, आणि तेही दडपले गेले. नायिकेचा भाऊ त्या मेलेल्यांत आहे. कोठाराच्या दारात ती पेटता पलिता घेऊन उभी आहे, बाहेर संतापलेली गर्दी आहे, आणि तिच्या हातात एक सीलबंद बाटली आहे जिचे बूच काढले तर तिला खरे काय ते कळू शकते.

मला ही मांडणी आधीच्या कादंबरीपेक्षा कितीतरी भयंकर वाटते. तिच्यात एक सैतानी मेंदू नाही; आपापल्या टेबलावरचा कागद बदलणारी साधी माणसे आहेत, आणि प्रत्येकाजवळ स्वतःपुरते कारण आहे. मधली दोन पाठलागाची प्रकरणे गळाली, त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

सुधारित आराखडा नंतर आला आणि डॉक्टरांनी त्यावर एकच आक्षेप घेतला. तिने गळती पावसाळ्यातल्या रात्रीची दाखवली होती. पावसाने बीजाणू हवेतून खाली धुऊन जातील, आणि पाऊस टाळायचा म्हणून हिवाळ्यातील रात्र घेतली तर मुंबईत तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेतून सुटलेले सारे पाण्यावर जाईल. आता गळती हिवाळ्यातल्या दुपारी होते, समुद्रावरून येणारा वारा तिला पूर्वेकडे नेतो, आणि आजाऱ्यांच्या घरांची रेष त्या दिशेने पडावी म्हणून लेखिकेने सगळ्या वस्त्यांचा नकाशा पुन्हा काढायला घेतला आहे.