तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरिशसचा ज्वालामुखी कुठाय?

भारतातून येणारा पाहुणा चिपळूणचा मामेभाऊ असो की नवऱ्याच्या ऑफिसातले साहेब, दुसऱ्या दिवशी चहा घेताना विचारतोच, "हे ज्वालामुखीचं बेट ना? मग ज्वालामुखी कुठाय?" आणि मग जरा आवाज उतरवून, "परत फुटणार नाही ना?"

पहिल्या प्रश्नासाठी मी त्यांना 'त्रू ओ सेर्फ' नावाच्या विवराकडे नेते. क्युरपिप गावातच आहे, घरांच्या गर्दीत. काठाभोवती डांबरी रस्ता, त्यावर सकाळी फिरायला येणारी मंडळी, एका बाजूला हवामान खात्याचं रडार. आत डोकावलं की ८०-८५ मीटर खोल खळगा, गच्च झाडी आणि तळाशी गाळानं भरत आलेलं तळं. धूर नाही, लाव्हा नाही. पाहुण्यांचा हिरमोड होतो. चूक त्यांची नाही, शाळेच्या पुस्तकातलं चित्रच तसं असतं: शंकूसारखा डोंगर आणि टोकातून ज्वाळा.

हे विवर म्हणजे इथल्या ज्वालामुखींच्या घराण्यातलं धाकट्या पिढीतलं. विमान उतरतं ती धावपट्टी, आमची इमारत, उसाची शेतं हे सगळं ज्वालामुखीवरच आहे. समुद्रतळावर लाव्ह्याचे थर साचत साचत साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड, पसरट ज्वालामुखी पाण्याबाहेर आला. त्याचा मधला भाग पुढे नाहीसा झाला. तो खचला की झिजला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. उरला तो काठ, मोडलेल्या परातीसारखा. पोर्ट लुईच्या मागचे 'ल पूस' आणि डोक्यावर धोंडा घेतलेला 'पीटर बोथ', नैऋत्येची ब्लॅक रिव्हरची रांग, पूर्वेकडचे डोंगर हे त्या काठाचे तुकडे. सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मं. मधल्या भागात नंतरच्या उद्रेकांचा लाव्हा पसरला, त्याचं पठार झालं. गंगा तलाव, जिथे महाशिवरात्रीला लोक पायी कावड घेऊन जातात, तोही अशाच एका विवरात आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. सह्याद्रीचा काळा कातळ आणि इथला काळा कातळ एकाच चुलीवरचे आहेत, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा उष्णतेचा एक झोत साधारण एका जागी राहिला आणि वरून भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठाले तुकडे, सरकत गेले. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत त्याच्यावर होता, तेव्हा दख्खनचं पठार तयार झालं. भारत उत्तरेकडे गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग उमटली. मग महासागराच्या तळाची मधली भेगच त्या झोतावरून सरकली आणि झोत पलीकडच्या, आफ्रिकेच्या पट्टाखाली आला. त्यानंतरच्या खुणा म्हणजे मॉरिशस आणि शेजारचं रियुनियन. आपल्याकडे लाव्हा लांबच लांब भेगांतून आला म्हणून सह्याद्रीला थरांच्या पायऱ्या आहेत. इथला उद्रेक आटोपशीर, म्हणून बेट.

याला एक पाचर आहे. २०१७ साली इथल्या खडकात ३ अब्ज वर्षांपर्यंत जुने झिरकॉन या खनिजाचे स्फटिक सापडल्याचं प्रसिद्ध झालं. एक कोटी वर्षंही न झालेल्या बेटात इतके जुने दाणे आले कुठून? खाली एका हरवलेल्या खंडाचा तुकडा गाडलेला असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

शामारेलची 'सात रंगांची माती' सगळे बघतात आणि रंग दिलाय का, असं विचारतात. नाही हो. पावसानं कातळातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. कोकणातला जांभा याच रीतीनं होतो, त्याचं मात्र तिकीट कुणी लावत नाही. ल मॉर्नजवळचा 'पाण्याखालचा धबधबा' हा नजरेचा खेळ: समुद्राखालच्या कड्यावरून खाली सरकणारी वाळू हेलिकॉप्टरमधून तशी दिसते.

उसाच्या शेतांतले काळ्या दगडांचे ढीग बघायला मात्र कुणी थांबत नाही. १८३४ पासून करारावर आलेल्या मजुरांनी, त्यांत रत्नागिरीकडचे आपले लोकही होते, जमीन लागवडीला यावी म्हणून दगड वेचले, ते आजही तिथे आहेत. माझ्या मते या बेटाचा भूगोल वाचायला ती सगळ्यात चांगली जागा आहे.

पाऊसही डोंगरांच्या हिशोबानं पडतो. वारा आग्नेयेकडून येतो, पठारावर चढतो आणि तिथे काही ठिकाणी वर्षाला ४,००० मिलिमीटर ओततो. पश्चिम किनाऱ्याला जेमतेम ९०० मिलिमीटर. महाबळेश्वर आणि वाईचं जे आहे तेच, फक्त दिशा उलटी. म्हणून क्युरपिपला येताना छत्री आणा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: इथला शेवटचा लाव्हा सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा, आणि १५९८ मध्ये डच उतरले तेव्हापासून एकाही उद्रेकाची नोंद नाही. जळता ज्वालामुखी बघायचाच असेल तर दोनेकशे किलोमीटरवर रियुनियनचा 'पितों द ला फुर्नेझ' आहे, तो वरचेवर फुटतो. विमानानं पाऊण तास. फक्त ते फ्रान्समध्ये मोडतं, तेव्हा व्हिसाचं आधी बघा.