तुम्ही विचारलेत म्हणून: दर वेळी बड पॉवेलच का?

बेबॉपच्या, म्हणजे चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये घडलेल्या नव्या जाझच्या, पिढीतला सर्वांत मोठा पियानोवादक कोण, असे मला विचारले जाते, आणि मी बड पॉवेल असे उत्तर दिले की त्यामागून लगेच दुसरा प्रश्न येतो: पॉवेलच का, ऑस्कर पीटरसन का नाही, थेलोनियस मंक का नाही? या दुसऱ्या प्रश्नाच्या सुरात बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेले असते. मला पॉवेलची दया येते, त्याच्या वादनापेक्षा त्याची करुण कहाणी मला अधिक भावते आणि म्हणून मी त्याला पहिल्या जागेवर बसवतो, असे विचारणाऱ्याने मनाशी धरलेले असते. रेकॉर्ड ऐकून झाल्यावर दारात चपला घालता घालता या आरोपाला उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट दिलेल्या उत्तराने तो अधिकच पक्का होतो. म्हणून एकदा नीट लिहितो.

मंक 1917 चा, लेनी ट्रिस्टानो 1919 चा, डेव्ह ब्रुबेक 1920 चा, पॉवेल 1924 चा, पीटरसन 1925 चा, होरेस सिल्व्हर 1928 चा. बिल एव्हन्स 1929 चा असला तरी त्याचे खरे काम साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर सुरू होते, त्यामुळे त्याला मी या हिशेबात धरत नाही. ब्रुबेकचे नाव आपल्याकडे आपुलकीने घेतले जाते, कारण 1958 च्या दौऱ्यात मुंबईकरांना तो प्रत्यक्ष ऐकायला मिळाला. पॉवेल इकडे कधीच आला नाही. त्याला आपण ओळखतो ते केवळ ध्वनिमुद्रणांतून, आणि माझे जे काही म्हणणे आहे ते त्या ध्वनिमुद्रणांच्याच आधारावर आहे.

पहिला आक्षेप असतो डाव्या हाताचा. पॉवेलला डावा हातच नाही, असे मला कितीदा ऐकवले गेले आहे. आधीच्या पिढीतला पियानोवादक आर्ट टेटम याच्या डाव्या हातावर वाढलेल्या कानाला तसे वाटते हे मी समजू शकतो. परंतु टेटमच्या त्या स्ट्राइड पद्धतीत डावा हात बास आणि ठेका दोन्ही सांभाळतो, कारण पियानो एकटा आहे असे तिथे गृहीत धरलेले असते. पॉवेलच्या शेजारी बासवादक उभा आहे आणि पलीकडे ड्रमवर मॅक्स रोच बसलेला आहे. तेव्हा डाव्या हाताने सारे भरून काढणे म्हणजे त्या दोघांच्या जागेवर अतिक्रमण करणे होय. त्याने डाव्या हाताला दोन-तीन स्वर ठेवले, बहुतेकदा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचा) मूळ स्वर आणि त्याच्या वरचा सातवा किंवा दहावा, आणि तेही मोक्याच्या जागी. त्या मोकळ्या जागेत उजव्या हाताने चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनची वाक्ये वाजू लागली. पियानोवादकाला श्वास घ्यावा लागत नाही, तो अखंड वाजवत राहू शकतो. पॉवेलच्या तानेला मात्र दमसास आहे. ती जिथे थांबते तिथे एखादा फुंकणारा माणूस थांबला असता. त्याच्या ध्वनिमुद्रणांत वाजवताना गुणगुणणारा त्याचा आवाजही ऐकू येतो, आणि ती गुणगुण व वाक्यांची लांबी यांचा जवळचा संबंध आहे असे मला वाटते.

पीटरसनबद्दल मी काही वावगे बोलणार नाही. त्याच्या बोटांत जे होते ते त्या पिढीत दुसऱ्या कोणाच्याही बोटांत नव्हते, आणि टेटमचा वारसा त्याने ज्या आनंदाने चालवला तो आनंद मला आजही उभारी देतो. 1949 च्या सप्टेंबरमध्ये जाझच्या मैफली भरवणाऱ्या नॉर्मन ग्रांझने त्याला कार्नेगी हॉलच्या मंचावर आणले तेव्हाच तो घडून तयार झालेला कलावंत होता. पण वारसा चालवणे वेगळे आणि पुढच्यांच्या तोंडी भाषा देणे वेगळे. 1953 मध्ये टोकियोत पीटरसनने एका तरुण पियानोवादक स्त्रीला ऐकले आणि तिचे ध्वनिमुद्रण करण्याचा आग्रह ग्रांझकडे धरला. ती तोशिको आकियोशी, आणि तिच्या त्या काळच्या वादनावर ठसा होता तो पॉवेलचा. हॅम्प्टन हॉज, सॉनी क्लार्क, टॉमी फ्लॅनागन, डेट्रॉइटमध्ये पिढ्या घडवणारा बॅरी हॅरिस, सुरुवातीचा होरेस सिल्व्हर, या पियानोवादकांपैकी कोणाचाही उजवा हात ऐका, त्यात पॉवेलच ऐकू येईल. जो बासवादक रे ब्राउन 1949 मध्ये पॉवेलच्या ‘चेरोकी’ला साथ करत होता, तोच पुढे अनेक वर्षे पीटरसनच्या त्रयीचा कणा होता, त्या दोघांमधला फरक मला समजावून सांगायला त्याच्यापेक्षा लायक साक्षीदार दुसरा नसता.

हे सगळे मी कोणतीही खळखळ न करता सांगू शकतो. अडचण येते ती मंकपाशी.

मंक पॉवेलपेक्षा सात वर्षांनी मोठा. न्यूयॉर्कच्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात त्यानेच या पोराला पंखाखाली घेतले. पॉवेल कूटी विल्यम्सच्या बँडमध्ये असताना 1944 मध्ये त्या बँडने मंकच्या ‘राउंड मिडनाइट’चे पहिले ध्वनिमुद्रण केले. 1945 च्या जानेवारीत फिलाडेल्फियात पोलिसांनी पॉवेलच्या डोक्यावर मारले. तो तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि त्याची रुग्णालयांची वाट तिथून सुरू झाली. 1947 च्या जानेवारीत त्याने स्वतःच्या नावाने पहिले ध्वनिमुद्रण केले तेव्हा त्यात मंकची ‘ऑफ मायनर’ घेतली, मंकने ती स्वतः ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी काही महिने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉवेलला क्रीडमूरच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले, तो जवळजवळ वर्षभर तिथे राहिला आणि त्याला विजेचे झटके देण्यात आले. त्याच नोव्हेंबरमध्ये मंकने ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘इन वॉक्ड बड’ वाजवली. बड आत आला, असे म्हणणारी ही रचना जन्माला येत होती तेव्हा बड कुठे होता, हे माहीत झाल्यापासून ती मला केवळ गमतीदार चाल म्हणून ऐकता आलेली नाही.

आता 1951. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला पॉवेल, बासवादक कर्ली रसेल आणि मॅक्स रोच यांनी पॉवेलच्या ‘उन पोको लोको’चे तीन टेक, म्हणजे एकाच रचनेची तीन मुद्रणे, केली. ती तिन्ही उपलब्ध आहेत. एकाच स्थिर पायावर, जवळजवळ एकाच कॉर्डवर, रोचच्या काउबेलच्या (धातूच्या घंटेच्या) आडमुठ्या ठेक्याला अंगावर घेत पॉवेल तीन वेळा वेगवेगळी इमारत उभी करतो. मला विचाराल तर त्या पिढीच्या पियानोचा कळस तो. जुलैमध्ये मंकने ‘स्ट्रेट, नो चेसर’ ध्वनिमुद्रित केले. म्हणजे अवघ्या तीन महिन्यांच्या आत त्या दोघांनी असे काही केले, ज्याच्या बळावर पुढची कित्येक वर्षे ते न्यूयॉर्कच्या कोणत्याही क्लबात मानाने बसू शकले असते.

9 ऑगस्टला मंकच्या आईच्या घरासमोर, वेस्ट 63 व्या रस्त्यावर, एका उभ्या मोटारीत मंक, पॉवेल आणि आणखी काही जण बसले होते. पोलीस आले. हेरॉइनचे पाकीट सापडले. ते मंकचे नव्हते. ते कोणाचे आहे एवढे सांगितले असते तर तो त्या दिवशी बायको आणि दीड वर्षाच्या मुलापाशी घरी परतला असता. त्याने पॉवेलविरुद्ध साक्ष देण्यास नकार दिला. त्याला 60 दिवसांची कैद झाली, आणि सुटल्यावर त्याचे कॅबरे कार्ड गेलेले होते. जिथे मद्य विकले जाते तिथे वाजवायचे असेल तर कलावंताजवळ पोलिसांनी दिलेले हे कार्ड असले पाहिजे, असा न्यूयॉर्कचा नियम 1940 पासून होता आणि तो 1967 पर्यंत टिकला. जाझ वाजत होते ते मद्य विकणाऱ्या जागांतच. कार्ड गेले म्हणजे न्यूयॉर्कच्या क्लबांचे दरवाजे बंद झाले. 1957 पर्यंत, वयाच्या तेहतिसाव्या वर्षापासून एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत, मंकला आपल्याच शहरातल्या क्लबांत उघडपणे काम करता येईना. बायको नेलीने नोकऱ्या करून घर चालवले. मंक घरात पियानोपाशी बसून राहिला, अधूनमधून ध्वनिमुद्रणे करीत राहिला, आणि 1957 मध्ये कार्ड परत मिळाल्यावर फाइव्ह स्पॉट या क्लबात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला शेजारी घेऊन वाजवू लागला तेव्हा कुठे जगाला तो ‘सापडला’.

या हकिगतीनंतर लोक मला विचारतात की पॉवेलने पुढे येऊन मंकला का सोडवले नाही, आणि इथे माझा आवाज चढतो. ज्याच्या डोक्यावर पोलिसांचा मार बसलेला आहे आणि ज्याच्या मेंदूतून वीज गेलेली आहे, त्याने पोलिसांसमोर कसे वागायला हवे होते हे आपण आरामखुर्चीत बसून सांगू नये. पॉवेलही त्यातून सुटला नाही. त्याला पुन्हा मनोरुग्णालयांत पाठवले गेले, आणि 1953 च्या सुरुवातीपर्यंत तो तिथेच होता. हे बोलून झाल्यावर मात्र मला मान्य करावे लागते की हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलेला आहे, आणि माझ्या चढलेल्या आवाजाचे कारण तेच असावे. मी पॉवेलला पहिली जागा देतो तेव्हा ज्याने त्याच्यासाठी सहा वर्षे दिली त्याला दुसऱ्या जागेवर बसवतो. मंकच्या वादनाला या त्यागाचे गुण देता येत नाहीत हे मला कळते. मग पॉवेलच्या वादनाला त्याच्या यातनांचे गुण मी नकळत देत नाही, हे मी कशावरून म्हणतो?

ही शंका माझ्या मनात रुजवली ती एका श्रोत्या बाईंनी. मी ‘उन पोको लोको’चे तिन्ही टेक ऐकवत होतो आणि मध्ये पॉवेलच्या रुग्णालयांविषयी सांगत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “माझा भाऊ अशाच रुग्णालयात होता. तो काही वाजवत नव्हता. तुम्ही आजाराला संगीताचे खत केले आहे, ते मला ऐकवत नाही.” मी तेव्हा म्हटले की मी उलट सांगतो आहे, आजाराने पॉवेलला काही दिले नाही, त्याच्याकडून घेतले. आजही मी तेच म्हणेन. परंतु त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मी बाजूला सारू शकलेलो नाही: मी ते सांगत होतो ते वाजवणे सुरू होण्याच्या आधी, म्हणजे श्रोत्यांनी काय ऐकावे हे मी ठरवून देत होतो. तेव्हापासून मी आधी केवळ तारीख आणि वादकांची नावे सांगतो. तरीही मी स्वतः ऐकताना माझ्या डोक्यातली माहिती कशी पुसावी, याचा उपाय मला सापडलेला नाही.

माझे माझ्याशीच एक जुने भांडण आहे, तेही इथे सांगायला हवे. तरुणपणी माझा आग्रह असे की पॉवेल ऐकायचा तो 1947 ते 1951 एवढाच. 1953 च्या मे महिन्यात टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, ट्रंपेटवादक गिलेस्पी, बासवादक मिंगस आणि रोच यांच्यासोबत त्याने वाजवले तिथे दार लावून घ्यावे आणि नंतरचे ऐकू नये, कारण ते ऐकणे म्हणजे कोसळणाऱ्या माणसाकडे टक लावून पाहणे आहे. तो तरुण मी चुकीचे ऐकत नव्हतो. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावरच्या काही ध्वनिमुद्रणांत बोटे खरोखरच अडखळतात, आणि प्रेमापोटी ते नाकारणे हा पॉवेलचाच अपमान आहे. पण 1959 मध्ये तो पॅरिसला गेला, तिथे ड्रमवादक केनी क्लार्क आणि बासवादक पिएर मिशेलो यांच्यासोबत वाजवू लागला, आणि 1961 च्या डिसेंबरमध्ये त्याने एक ध्वनिमुद्रण केले, ज्यात मंकच्या चार रचना आहेत: ‘ऑफ मायनर’, ‘रुबी, माय डिअर’, ‘थेलोनियस’ आणि ‘मंक्स मूड’. 1947 ची ‘ऑफ मायनर’ आणि ही ‘ऑफ मायनर’ लागोपाठ ऐकली की माझा तो आग्रह डळमळतो. पहिलीत तो मंकची चाल घेऊन आपल्या भाषेत धावत सुटतो; दुसरीत तो मंकजवळ बसल्यासारखा, त्याच्याच पावलाने चालतो, आणि डावा हात, जो त्याला नाही असे म्हणतात, तो जड, ठाम आणि भरलेला आहे.

यावरून मी जे म्हणू लागलो ते माझ्यातल्या त्या तरुणाला पटत नाही. मी म्हणतो की हा संथपणा निवडलेला आहे; ज्या मित्राने तोंड मिटून सहा वर्षे गमावली, त्याच्या चाली घाईने वाजवायच्या नाहीत असे पॉवेलने ठरवलेले मला ऐकू येते. तो म्हणतो की तुला हे ऐकू येते ते 9 ऑगस्ट तुला ठाऊक आहे म्हणून; बोटे मंदावली होती, आणि मंकच्या चाली मंद बोटांना झेपतात म्हणून त्याने त्या निवडल्या. ‘रुबी, माय डिअर’मध्ये काही जागी स्वर इतका उशिरा येतो की दोन्ही म्हणणी खरी वाटतात. पॉवेल 1964 मध्ये न्यूयॉर्कला परतला आणि 31 जुलै 1966 रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, वारला. पुढच्या वेळी मला हा प्रश्न विचाराल तेव्हाही मी बड पॉवेल असेच म्हणेन आणि पुरावा म्हणून मे 1951 चे तीन टेक ऐकवीन. 1961 चे ध्वनिमुद्रण मी ऐकवणार नाही, कारण ते नेमका कशाचा पुरावा आहे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.