३६व्या टॅपवर कोण?

होडीवाले मामा तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, ऊन डोक्यावर आलं, आवरा आता." मी लॅपटॉपवर ओढणीची सावली धरून ३६व्या टॅपकडे बघत बसले होते.

पुण्याजवळच्या एका धरणात चाचणी होती. पाण्यात रेडिओ लहरी फार लांब जात नाहीत, म्हणून आमचा मोडेम, म्हणजे डेटा पाठवणारं-घेणारं यंत्र, आवाजात बोलतो: १२ किलोहर्ट्झच्या आसपास ५ किलोहर्ट्झचा पट्टा, त्यात १०२४ सबकॅरियर, म्हणजे डेटा वाहणारे वेगवेगळे सूर. आवाज सरळ येतो, पृष्ठभागावर आपटून येतो, तळावर आपटूनही येतो. कुठली प्रत किती उशिरा आणि किती जोरात आली, हा हिशोब म्हणजे चॅनेल. तो लागला तरच डेटा उलगडतो. त्यासाठी दर सोळावा सबकॅरियर पायलट ठेवलेला, म्हणजे त्यावर काय पाठवलंय ते आधीच ठाऊक. असे ६४ पायलट आणि तेवढेच टॅप, म्हणजे उशीर मोजायचे खाने. एक टॅप ०.२ मिलिसेकंदाचा. एक छोटं एफएफटी (सुरांवरून उशिराकडे नेणारं गणित) केलं की काम झालं.

पायलटवर उत्तर तंतोतंत जुळत होतं. डेटा मात्र कचरा!

पहिला संशय होडीवर. वाऱ्याने ती सेकंदाला अर्धा मीटर सरकली तरी ४ हर्ट्झचा डॉप्लर, म्हणजे हालचालीमुळे सूर तेवढा सरकणार, आणि आमच्या दोन सबकॅरियरमधलं अंतरच जेमतेम ५ हर्ट्झ. दोन्ही टोकांनी बांधून टाकली. काही फरक नाही. ३६वा टॅप तसाच, एकटा, ठसठशीत. ७.२ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ ११ मीटरचा जादा प्रवास. एवढ्या अंतरात आपटण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

होती ती धरणाची भिंत, हायड्रोफोनच्या (पाण्यातल्या माइकच्या) मागे १५ मीटरवर. जाऊन येऊन ३० मीटर. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे २० मिलिसेकंद. हा तर १००वा टॅप! पण पायलट समान अंतरावर असले की त्यांना ६४च्या पलीकडचं मोजताच येत नाही. १०० मधून ६४ गेले, उरले ३६. पायलटच्या जागी दोन्ही उत्तरं एकच, मधल्या सबकॅरियरवर मात्र वेगळी. माझीच चूक, आणि तीही पाठ्यपुस्तकातली.

पायलट दुप्पट केले असते तर डेटाची जागा गेली असती. त्याऐवजी तेच ६४ मुद्दाम वेडेवाकडे पसरले आणि १२८ टॅपमध्ये शोध घेतला. ऑर्थोगोनल मॅचिंग परसूटची पद्धत तशी साधी: सगळ्यात जास्त जुळणारा टॅप उचलायचा, उचललेल्या सगळ्यांची मापं नव्याने काढायची, तेवढं वजा करून उरलेल्यात पुन्हा शोधायचं. ८ टॅपवर थांबले. बाकीचे १२० शून्यच, त्यामुळे त्यांच्यातून गोंगाटही आत येत नाही. भिंत १००वर दिसली. खात्रीसाठी हायड्रोफोन भिंतीपासून ३ मीटर आणखी लांब नेला, तर टॅप ११९वर. हिशोबाने १२० यायला हवा होता, पण होडीतून टेप धरून मोजल्यावर एवढं चालायचंच.

आता दुखणं वेगळं आहे. प्रतिध्वनी दोन टॅपच्या मध्ये पडला की दोघांत वाटला जातो, आणि टॅप बारीक केले की शेजारचे दोन ओळखू येईनात.

मामांनी जादा वेळेचे तीनशे घेतले.