बँक मित्राचं भांडवल: गल्ल्यात किती, खात्यात किती

बँक मित्र म्हणजे गावात बँकेच्या वतीने पैसे देणारा-घेणारा एजंट; त्याचं दुकान म्हणजे ग्राहक सेवा केंद्र. नवीन केंद्र सुरू करणाऱ्याजवळ दीड लाख असतील, तर त्यातले निम्म्याहून जास्त फर्निचर, फलक, लॅपटॉप आणि प्रिंटरवर जातात. केंद्र दिसतं छान, पण तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक परत जायला लागतं, कारण गल्ल्यात रोकड नसते. बँक मित्राचं कमिशन उलाढालीवर मिळतं आणि उलाढाल फिरत्या पैशावर चालते. त्यामुळे सुरुवातीची रक्कम किती होती यापेक्षा ती कशात घातली, यावर केंद्राचं पुढचं वर्ष ठरतं.

हा पैसा दोन ठिकाणी लागतो. कुणी पैसे काढले की गल्ल्यातली रोकड कमी होते आणि तेवढी रक्कम एजंटच्या सेटलमेंट खात्यात (बँकेशी हिशोब पुरा होतो ते खातं) येते. कुणी भरले की उलटं: गल्ला भरतो, खातं रिकामं होतं. लाडकी बहीणचे 1500 जमा झाले की काढणाऱ्यांची रांग लागते. गल्ल्यात 40,000 असतील तर 26 बायकांना पैसे मिळतात, सत्ताविसावीला नाही. एजंटचे पैसे बुडालेले नसतात, ते खात्यात पडून असतात. पण शाखा तालुक्याला, तिथे रांग, म्हणजे अर्धा दिवस केंद्र बंद. बाजाराच्या दिवशी व्यापारी भरणा करायला येतात, तेव्हा नेमकी खात्यातली शिल्लक संपते. म्हणून फक्त रोकड मोठी ठेवून भागत नाही. आपल्या गावात काढणारे जास्त की भरणारे, हे महिनाभर वहीत तारखेनिशी लिहून ठेवावं आणि मगच वाटणी ठरवावी. पीएम किसान, नमो शेतकरी आणि निराधारांचं अनुदान जमा झाल्याची बातमी कळली, की त्याच दिवशी सकाळी शाखेतून रोकड उचलावी.

पैसा आणायचा कुठून, हा पुढचा प्रश्न. मुद्रा योजनेत शिशू गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं. सामानासाठी ते ठीक आहे. रोकडीसाठी मात्र हप्त्याचं कर्ज अंगावर येतं. समजा 1 लाख, 12 टक्के, 24 महिने: हप्ता साधारण 4,707. कमिशन सरासरी 0.4 टक्के धरलं, तर नुसत्या हप्त्यापुरते पावणेबारा लाख महिन्याला फिरवावे लागतात. नव्या केंद्राला हे झेपत नाही. शिवाय हप्त्यातून मुद्दल दर महिन्याला बाहेर जातं, म्हणजे फिरता पैसाही आटत जातो. तेच 1 लाख ओव्हरड्राफ्टवर (ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा उचलायचे, वापरले तेवढ्याच दिवसांचं व्याज) घेऊन महिन्यात दहा दिवस वापरले, तर व्याज 330 रुपयांच्या आसपास. 82-83 हजारांच्या उलाढालीत ते सुटतं. मुद्दल फेडायचंच असतं, पण आपल्या सोयीने. त्यामुळे आधी शाखेकडे ओव्हरड्राफ्ट मागा. बचत गटातून बीसी सखी, म्हणजे महिला बँक मित्र, झालेल्या ताईंनी गटाच्या कर्जातली रक्कम सामान आणि रोकड अशी वेगळी लिहून घ्यावी.

थोडा पैसा अडकणार, हेही आधीच धरून चाला. आधारवरचा व्यवहार कधी मधेच तुटतो: ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, पण केंद्रावर व्यवहार पूर्ण झाल्याचं दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती पाच दिवसांत परत जायला हवी आणि उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. पण समोर उभ्या आजींना हे पटवताना काही एजंट स्वतःच्या गल्ल्यातून पैसे देतात. माणुसकी म्हणून ठीक, पण व्यवहार क्रमांक आणि सही घेतल्याशिवाय देऊ नये.

सगळ्यात घातक प्रकार रोकड कमी पडल्यावर सुरू होतो: अंगठा घ्यायचा आणि “पैसे घ्यायला उद्या या” म्हणायचं. ग्राहकाचं खातं आज रिकामं, हातात काहीच नाही, पावतीही नाही. एजंटचा हेतू चांगला असला तरी हा गैरव्यवहारच आहे, आणि तक्रार झाली तर एजंटचा कोड (ज्यावर त्याचं काम चालतं) बंद होतो. रोकड नसेल तर अंगठा घेऊच नका. कधी मिळेल ती वेळ सांगा, किंवा सगळ्यांना विचारून थोडी थोडी रक्कम द्या.

किराणा दुकानात केंद्र असेल तर दोन गल्ले वेगळे ठेवा. दुकानाचा माल बँकेच्या रोकडीतून भरला, की संध्याकाळचा हिशोब जुळत नाही आणि मग खासगी सावकाराकडे जायची वेळ येते. पहिले सहा महिने कमिशन तुटपुंजं असतं. तेवढ्या काळाचं भाडं, वीज आणि इंटरनेट सुरुवातीच्याच पैशातून बाजूला काढून ठेवा, नाहीतर ते गल्ल्यातून जाऊ लागतं.